नोटेवरचा हात सुटतो कधी?

नैरोबीत पहारेकऱ्याची किंवा बांधकामावर मजुरीची नोकरी करणाऱ्या माणसाला २००७ पूर्वी गावी पैसे पाठवायचे असतील, तर त्याच्यापुढे मोजकेच मार्ग होते. पाकिटात नोटा भरून ते लांब पल्ल्याच्या बसच्या चालकाच्या हाती द्यायचे, गावी निघालेल्या कुणा ओळखीच्याला गाठायचे, पोस्टात रांग लावायची, नाहीतर दोन दिवसांची मजुरी बुडवून स्वतःच जायचे. प्रत्येक मार्गाला खर्च होता आणि प्रत्येकात धोका होता. पाकीट वाटेत गहाळ व्हायचे, पोस्टात नेमकी त्या दिवशी रोकड नसायची. गावी आई आजारी असेल, तर पैसे पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर कोकणातली घरे कशी तगून होती, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पोस्टमनची वाट पाहण्यात किती जीव टांगणीला लागत असे, तेही आपल्या घरांतून अजून सांगितले जाते.

रोखीने व्यवहार केला की वरखर्च काही नाही, असे आपण धरून चालतो. शहरात, एटीएमच्या शेजारी राहणाऱ्यासाठी ते बरेचसे खरे आहे. गरिबाला मात्र रोख महाग पडते. ती नेण्या-आणण्यात दिवस मोडतो. घरात ठेवली तर चोरीची भीती, आणि चोरी झाली नाही तरी नातेवाइकांच्या मागणीला नाही म्हणणे अवघड. आज किती आले, किती गेले याची नोंद राहत नाही, म्हणून बँकेपुढे उभे राहिल्यावर आपली पत दाखवायला हातात काहीच नसते.

मग गरीब माणूस रोख का सोडत नाही? कारण रोखीत एक गुण असा आहे, की त्याची बरोबरी करणे फार कठीण. ती कुठेही, कुणाकडेही, कोणत्याही वेळी चालते. घेणाऱ्याला वीज, नेटवर्क, अक्षरओळख, काही लागत नाही. रोखीकडून इलेक्ट्रॉनिक व्यवहाराकडे निघालेल्या विकसनशील देशांचा गेल्या दोन दशकांचा अनुभव पाहिला, तर त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. आपली नोट हवी तेव्हा परत हाती येईल, अशी खात्री पटली तरच माणूस ती हातची सोडतो. ज्यांनी ही खात्री आधी उभी केली, ते देश पुढे गेले. ज्यांनी नोट आधी हिसकावली, त्यांना लोकांच्या हालांची किंमत मोजावी लागली.

केनियाची युक्ती

एम-पेसा ही केनियाची मोबाइलवरची पैसे पाठवण्याची सेवा सफारीकॉम या कंपनीने मार्च २००७ मध्ये सुरू केली. तिची मूळ कल्पना वेगळी होती. व्होडाफोन कंपनीने, ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याची मदत घेऊन, २००५ मध्ये एक छोटा प्रयोग केला. सूक्ष्मकर्ज घेणाऱ्या काही शे लोकांनी आपले हप्ते मोबाइलवरून भरावेत, एवढाच त्याचा हेतू होता. पण लोकांनी ती सोय आपल्या गरजेप्रमाणे वापरायला घेतली. कुणी एकमेकांचे हप्ते भरू लागले. कुणी प्रवासाला निघताना एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी काढून घेऊ लागले, म्हणजे वाटेत खिसा रिकामा. कुणी रात्रीपुरता गल्ला मोबाइलमध्ये ठेवून सकाळी काढू लागले. प्रयोग चालवणाऱ्यांनी हे नीट पाहिले आणि कर्जाचे हप्ते बाजूला ठेवून सेवेचे काम एका वाक्यात बसवले: घरी पैसे पाठवा.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. नाक्यावरचा किराणा दुकानदार किंवा मोबाइल रिचार्ज विकणारा कंपनीचा एजंट होतो. तो आधी स्वतःचे भांडवल बँकेत भरतो आणि त्याच्या फोनवर तेवढी इलेक्ट्रॉनिक शिल्लक जमा होते. गिऱ्हाइकाने त्याला हजार शिलिंगची नोट दिली, की एजंट आपल्या शिलकीतले हजार गिऱ्हाइकाच्या फोनवर वळवतो. गिऱ्हाईक ते गावी आईच्या फोनवर पाठवते. आई गावातल्या एजंटकडे जाते, फोनवरून त्याला हजार वळवते आणि त्याच्या गल्ल्यातून नोट घेते. साध्या बटणांच्या फोनवर, सिमकार्डातल्या यादीतून हे सगळे होत असे. स्मार्टफोन लागत नव्हता, इंटरनेट लागत नव्हते. पैसे भरायला शुल्क नव्हते, पाठवायला आणि काढायला होते. पहिले पाऊल टाकायला काही पडू नये, हा त्यामागचा विचार.

म्हणजे या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेचा पाया नोटांवरच होता. ती हजारो दुकानदारांच्या गल्ल्यांवर उभी होती. एजंटकडे रोकड संपली की आईला हात हलवत परत जावे लागणार आणि फोनमधली शिल्लक संपली की मुलाला पैसे भरता येणार नाहीत. हा समतोल राखण्यासाठी एजंट दिवसातून एकदा तरी बँकेची किंवा मोठ्या वितरकाची वाट धरत असे. त्याचे कमिशन, त्याला भांडवल पुरवणारी साखळी आणि त्याच्या दुकानावर लावलेला शुल्काचा स्पष्ट तक्ता, या न दिसणाऱ्या कामावर कंपनीने बेहद्द मेहनत घेतली. तेव्हा सगळ्या केनियात मिळून बँकांच्या हजारही शाखा नव्हत्या. आज एकट्या एम-पेसाचे एजंट दोन लाखांहून अधिक आहेत.

दुसरा आधार होता विश्वासाचा. लोकांच्या फोनवर दिसणारी सगळी शिल्लक जितकी, तितकीच रक्कम बँकेतल्या एका विश्वस्त खात्यात असलीच पाहिजे, अशी अट होती. कंपनीला त्या पैशाला हात लावता येत नव्हता. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने कायदा होईपर्यंत वाट न पाहता ना-हरकत पत्र दिले, सेवा चालू दिली आणि तिच्यावर लक्ष ठेवले. बँकांनी कुरकुर केली, तेव्हा २००८ च्या अखेरीस सरकारने तपासणी करवली आणि व्यवस्था सुरक्षित असल्याचे जाहीर झाले. पूर्ण कायदा २०११ मध्ये आला. आधी वापर, मग नियम, पण पहिल्या दिवसापासून देखरेख, असा तो क्रम होता.

वर्षभरात वीस लाखांच्या आसपास लोक आले. त्यातच २००७ च्या डिसेंबरातल्या निवडणुकीनंतर देशात हिंसाचार उसळला. रस्ते बंद, बँका बंद. नैरोबीच्या वस्त्यांमध्ये अडकलेल्या माणसांना नातेवाइकांनी फोनवरून पैसे पाठवले. संकटात उपयोगी पडलेली गोष्ट माणसे सहसा विसरत नाहीत.

पैसे लवकर पोचल्याने काय होते?

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी केनियातल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांच्या २०१४ च्या अभ्यासात असे दिसले, की आजारपण, नोकरी जाणे, पीक बुडणे अशी आपत्ती आली की एम-पेसा न वापरणाऱ्या कुटुंबाचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी घटतो, म्हणजे ते पोटाला चिमटा काढते. वापरणाऱ्या कुटुंबाच्या खर्चात तशी घट दिसत नाही, कारण लांबचा भाऊ, मामा, जुना शेजारी अशा अनेकांकडून थोडे थोडे पैसे वेळेत येतात. मदत करणारी माणसे आधीही होतीच. त्यांची मदत वेळेवर पोचत नव्हती, एवढेच. २०१६ च्या डिसेंबरात ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी मांडलेल्या अंदाजानुसार या सेवेमुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे, म्हणजे केनियातली जवळपास २ टक्के कुटुंबे, दारिद्र्यातून वर आली आणि सुमारे १ लाख ८५ हजार स्त्रिया शेतीतून छोट्या व्यवसायांकडे वळल्या.

नायजरमधला प्रयोग याहून बारकाईचा आहे. २००९-१० च्या दुष्काळात एका मदत संस्थेने ९६ गावांतल्या गरीब स्त्रियांना दरमहा अनुदान दिले. काही गावांत ते पाकिटातून रोख वाटले, काही गावांत मोबाइलवर पाठवले. रक्कम तीच होती, आणि मोबाइलवर पैसे आलेल्या बायकासुद्धा बहुधा ते लगेच रोखच काढून घेत. तरी त्यांच्या घरांत खाण्यातले वैविध्य ९ ते १६ टक्क्यांनी जास्त आढळले आणि मुलांच्या पोटात जास्त अन्न गेले. एक कारण म्हणजे पैसे घ्यायला दूरच्या गावी पायपीट करून दिवस घालवावा लागला नाही. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. पाकीट मिळाले की सगळ्या गावाला कळते आणि नवऱ्यालाही. फोनवर संदेश आला की तो आधी बाईला कळतो. पैसे कधी काढायचे आणि कशावर खर्चायचे, यात तिचा शब्द वाढला. रोकड अखेर रोकडच राहिली, पण ती कोणत्या वाटेने आली यानेही घरातले वजन बदलले.

सरकारी पैशाच्या बाबतीत ही वाट आणखी महत्त्वाची ठरते. अफगाणिस्तानात २००९ मध्ये वर्दक प्रांतातल्या काही पोलिसांचा पगार रोख वाटण्याऐवजी मोबाइलवर दिला, तेव्हा काहींना आपला पगार वाढला असे वाटले. वरचे अधिकारी आजवर त्यातला वाटा कापून घेत होते, हे तेव्हा उघड झाले. आपल्याकडे तेव्हाच्या आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन बोटांच्या ठशांच्या स्मार्टकार्डावरून गावातच द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन, पॉल निहॉस आणि संदीप सुखटणकर यांनी १५७ मंडलांमध्ये त्याचा अभ्यास केला. मजुरी लवकर मिळू लागली, रोजगार हमीच्या पैशातली गळती सुमारे ४१ टक्क्यांनी घटली आणि बहुतेक मजुरांनी नवी पद्धत पसंत केली. पण यातली एक बाब सहज नजरेआड होते. कार्ड नसलेल्याची मजुरी तिथे अडवली नव्हती. जुनी पद्धत बाजूला चालू होती.

याच संशोधकांनी पुढे झारखंडात रेशनसाठी आधारची पडताळणी सक्तीची झाल्यावर काय घडले तेही पाहिले. तिथे ज्यांचे आधार रेशनकार्डाला जोडलेले नव्हते, त्या कुटुंबांच्या वाट्याचे धान्य घटले, काहींना तर मिळेनासेच झाले. बोटांचे ठसे दोन्हीकडे घेतले जात होते. फरक सक्तीचा होता.

नोट हिसकावली की

नायजेरियाने २०२२ च्या ऑक्टोबरात २००, ५०० आणि १,००० नैराच्या नोटा नव्या रूपात आणण्याचे जाहीर केले. जुन्या बदलून घ्यायला ३१ जानेवारी २०२३ ची मुदत दिली, ती पुढे १० फेब्रुवारीपर्यंत वाढवली. रोखविरहित अर्थव्यवस्था हे घोषित उद्दिष्टांपैकी एक होते. जुन्या नोटा बँकेत गेल्या, नव्या पुरेशा छापल्याच गेल्या नाहीत. काही महिन्यांत चलनातली रोकड जवळपास एक तृतीयांशावर आली. लोकांनी बँकांची अॅप उघडली, पण एकाच वेळी इतका भार आल्यावर व्यवहार अडकू लागले. खात्यातून पैसे गेले, समोरच्याला मिळाले नाहीत, असे सर्रास घडले. रस्त्यावर कार्डयंत्र घेऊन बसणारे एजंट रोख द्यायला भरमसाट कमिशन मागू लागले. बाजारात शेतमाल पडून राहिला. अखेर मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालू ठेवण्याचा आदेश दिला. याच देशाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ई-नैरा हे सरकारी डिजिटल चलन आणले होते. संकटाच्या आधीही आणि नंतरही त्याचा वापर नगण्यच राहिला.

आपण हे आधी अनुभवले होते. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा चलनातल्या नोटांच्या मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के एका रात्रीत गेले. त्या महिन्यांत ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले धसई हे महाराष्ट्रातले पहिले रोखविरहित गाव म्हणून गाजले. दुकानदारांकडे कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे आली, कौतुक झाले. पुढे नोटा बाजारात परतल्या, तशी ती यंत्रे बाजूला पडत गेली. यात धसईच्या लोकांचा काही दोष नाही. प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराच्या पदरातून शुल्क जात होते, नेटवर्क रुसत होते आणि आजूबाजूचा घाऊक बाजार रोखीवरच चालत होता. घाऊक व्यापाऱ्याला रोख मोजायची असताना गिऱ्हाइकाकडून कार्डाने पैसे घेऊन किरकोळ दुकानदार करणार काय? रोख ही साखळी असते. तिची एक कडी बदलून भागत नाही.

नोटाबंदीमुळेच भारत डिजिटल झाला, असे अजून बोलले जाते. आकडे तसे सांगत नाहीत. यूपीआय म्हणजे एकात्मिक पेमेंट व्यवस्था मुळात नोटाबंदीच्या आधी, एप्रिल २०१६ मध्ये, रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना मुंबईत सादर झाली होती. नोटाबंदीने तिची ओळख करून दिली हे खरे. पण महिन्याला शंभर कोटी व्यवहारांचा टप्पा गाठायला तिला ऑक्टोबर २०१९ उजाडावा लागला, म्हणजे नोटांची टंचाई संपून बराच काळ लोटला होता. लोक आले ते दुसऱ्या कारणांनी.

सर्वांसाठी एकच रस्ता

ती कारणे पाहण्याजोगी आहेत. केनियात एका कंपनीने रस्ता बांधला आणि बराच काळ त्यावर तिचीच गाडी धावली. वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांच्या पाकिटांमध्ये परस्पर पैसे पाठवण्याची सोय तिथे २०१८ मध्ये झाली. भारताने उलटा मार्ग घेतला. बँकांनी मिळून २००८ मध्ये स्थापन केलेले, मुंबईत मुख्यालय असलेले नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन हे नफ्यासाठी न चालणारे महामंडळ सर्वांसाठी एकच रस्ता बांधते आणि त्यावर कोणत्याही बँकेचे, कोणत्याही कंपनीचे अॅप चालते. भाजीवालीचे खाते जिल्हा बँकेत असो, तुमचे स्टेट बँकेत, अॅप दोघांचे वेगळे असो, काही अडत नाही. तुम्ही पिन टाकलात की निरोप महामंडळाच्या यंत्रणेकडे जातो. ती तुमच्या बँकेला खात्यातून रक्कम वजा करायला सांगते, होकार आल्यावर भाजीवालीच्या बँकेला जमा करायला सांगते आणि दोघांना कळवते. हे काही सेकंदांत होते. बँकांमधला आपसातला हिशोब नंतर, दिवसातून ठरावीक वेळा, रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांतून मिटतो.

त्याला जोड मिळाली २०१४ पासून उघडलेल्या जनधन खात्यांची, २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल डेटाची आणि क्यूआर कोडच्या छापील कागदाची. महागड्या यंत्राऐवजी काही रुपयांचा कागद भिंतीवर चिकटवला की दुकान तयार. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले आणि धसईसारख्या ठिकाणची मोठी अडचण दूर झाली. मग आला पैसे जमा झाल्याची रक्कम मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स. बाजाराच्या गर्दीत फोन बघायला फुरसत नसलेल्या, वाचता न येणाऱ्या विक्रेतीला तो आवाज म्हणजे हाती आलेल्या नोटेइतका भरवसा. ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याचे व्यवहार हजार कोटींवर गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार कोटींवर.

ब्राझीलने हेच सूत्र आणखी नेटाने वापरले. तिथल्या मध्यवर्ती बँकेने १६ नोव्हेंबर २०२० ला पिक्स ही सेवा स्वतःच सुरू केली. पाच लाखांहून अधिक खाती असलेल्या प्रत्येक बँकेला तिच्यात सामील होणे बंधनकारक केले आणि सामान्य माणसासाठी ती फुकट ठेवली. कोविडच्या काळात कोट्यवधी गरिबांना सरकारी मदत डिजिटल खात्यांवर मिळालेली होतीच. काही वर्षांत पंधरा कोटींहून अधिक लोक पिक्स वापरू लागले. बँकांना सक्ती आणि माणसाला मोकळीक, हा ब्राझीलचा धडा मला फार मोलाचा वाटतो. नायजेरियात नेमके याच्या उलट झाले.

केनियातलेच नाव घेऊन आलेली एम-पेसा भारतात मात्र रुजली नाही. व्होडाफोनने ती २०१३ मध्ये इथे आणली आणि २०१९ मध्ये गुंडाळली. आपल्या नियमांनी बँकेला केंद्रस्थानी ठेवले होते आणि लोकांच्या हाती तोवर बँकखाती येऊ लागली होती. एका देशातले यश जसेच्या तसे उचलून दुसरीकडे लावता येत नाही. तिथल्या माणसाची गरज आणि तिथल्या संस्था पाहूनच रस्ता आखावा लागतो.

रोख गेली का?

नाही. ४ नोव्हेंबर २०१६ ला भारतात सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन फिरत होते. २०२५ मध्ये ते ३६ लाख कोटींच्या वर होते, त्याच काळात यूपीआयने सगळे उच्चांक मोडले. यात विसंगती नाही. अर्थव्यवस्था वाढली आणि नोटेची दोन कामे वेगळी झाली. चहा, रिक्षा, भाजी, रिचार्ज यांतले सुट्या पैशांचे काम फोनने घेतले. अडीअडचणीसाठी घरात चार पैसे ठेवण्याचे काम नोटेकडेच राहिले. २०२५ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये यूपीआय काही तास बंद पडले, तेव्हा खिशात शंभराची नोट असलेलाच घरी पोचला. रोख ही आपत्तीतली शेवटची सोय आहे, आणि ती जपणारा माणूस मागासलेला नसून शहाणा आहे.

नव्या वाटेवरचे काटेही मोजले पाहिजेत. पहिला सरकारांच्या मोहाचा. पैसा नोंदीत आला की त्यावर कर लावणे सोपे होते. युगांडाने जुलै २०१८ मध्ये मोबाइलवरच्या प्रत्येक व्यवहारावर एक टक्का कर लावला, लोक खवळले आणि तो पैसे काढण्यापुरता अर्ध्या टक्क्यावर आणावा लागला. घानाने २०२२ मध्ये दीड टक्क्याची आकारणी सुरू केली, ती २०२५ मध्ये रद्द करावी लागली. गरिबाने मोठ्या कष्टाने नोट सोडायची आणि त्याबद्दल त्यालाच दंड व्हायचा, तर तो पुन्हा नोटेकडे का वळणार नाही?

दुसरा काटा झटपट कर्जाचा. केनियात फोनवर दोन मिनिटांत मिळणाऱ्या छोट्या, महाग कर्जांमध्ये असंख्य लोक अडकले. क्षुल्लक रक्कम थकली तरी पतयादीत नाव काळे झाले. कर्ज देणाऱ्या अॅपना परवान्याची अट घालणारे नियम तिथे २०२२ मध्ये आले. भारतातही वसुलीच्या नावाखाली छळणाऱ्या बेकायदा अॅपनी कितीतरी घरे उद्ध्वस्त केली.

तिसरा फसवणुकीचा. ब्राझीलमध्ये माणसाला पळवून त्याच्याच फोनवरून पैसे वळवून घेण्याचे प्रकार वाढले, तेव्हा रात्री पाठवता येणाऱ्या रकमेवर मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे ‘तुम्हाला पैसे पाठवतो, फक्त पिन टाका’ असे सांगून खाती रिकामी केली जातात. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. ही एक ओळ घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला समजावून सांगण्याची जबाबदारी आपली आहे. तरीही फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. जितका उशीर, तितका पैसा हातचा जाण्याचा धोका मोठा.

आणि चौथा, माझ्या मते सर्वांत खोल रुतणारा काटा, वगळले जाण्याचा. जागतिक बँकेच्या २०२४ च्या पाहणीनुसार जगातल्या ७९ टक्के प्रौढांकडे कुठले ना कुठले खाते आहे, पण सुमारे १३० कोटी लोक अजून बाहेर आहेत. त्यांतल्या सुमारे ९० कोटींकडे मोबाइल आहे, म्हणजे पुढची मजल गाठता येण्यासारखी आहे. पण घरात फोन एकच असेल तर तो बहुधा पुरुषाच्या हाती असतो. खाते बाईच्या नावाचे आणि पिन मुलाला ठाऊक, ही स्थिती महाराष्ट्रातल्या गावोगावी आहे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये खात्यावर येऊ लागले, तेव्हा खात्याला आधार जोडण्यासाठी बँकांसमोर बायकांच्या रांगा लागल्या होत्या. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला पटत नाही आणि म्हातारीला तीन वेळा अंगठा टेकवून रिकाम्या हाताने परतावे लागते, तेव्हा पैसे खात्यात असूनही तिच्यासाठी ते नसल्यात जमा असतात.

म्हणून गावातल्या बँकमित्राकडे मी या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणून पाहतो. केनियाचा एजंट जे काम करतो, तेच तो आपल्याकडे करतो: खात्यातल्या आकड्याची नोट करून हाती देतो. त्याचे कमिशन तुटपुंजे ठेवले की तो एकतर दुकान बंद करतो, नाहीतर गिऱ्हाइकाकडून वरचे दहा-वीस रुपये कापतो. शहरातल्या व्यवहारांच्या विक्रमांची जाहिरात करण्याइतकेच लक्ष या माणसाच्या पोटापाण्याकडे दिले पाहिजे. यूपीआय दुकानदाराला फुकट ठेवायचे असेल, तर त्याचा खर्च कोण उचलणार हेही उघडपणे ठरवावे लागेल, कारण रस्ता कुणाच्या तरी पैशाने बांधला जातोच. आणि ऐंशी टक्क्यांच्या आसपास व्यवहार दोनच खासगी अॅपवरून होत असतील, तर सार्वजनिक रस्त्याचा नाका मोजक्या हातांत जाऊ नये याची काळजी आत्ताच घ्यायला हवी.

एखाद्या देशाने रोखीकडून किती मजल मारली, हे मोजताना महिन्याला किती कोटी व्यवहार झाले एवढाच आकडा पुढे केला जातो. तो आकडा बोलका आहे, पण तो ज्यांचे व्यवहार झाले त्यांच्याबद्दलच बोलतो. माझ्या दृष्टीने खरी कसोटी दुसरी आहे. रोजगार हमीवर राबणाऱ्या बाईची मजुरी कामाच्या पंधरवड्यात तिच्याच ताब्यात आली का? तिला ती फोनमध्ये ठेवायची तर सुरक्षित आहे का आणि नोटेत हवी तर चालत जाण्याच्या अंतरावर, कुणाला चिरीमिरी न देता मिळते का? या प्रश्नांना होकार मिळेल, तिथे कुणी सक्ती न करताही नोट मागे पडेल. जिथे मिळणार नाही, तिथे सरकारने लोकांना दोष न देता आपला रस्ता दुरुस्त करावा आणि तोपर्यंत दुकानाच्या गल्ल्यात नोटेला हक्काची जागा राहू द्यावी.